वरठ्याचं पाखरू

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

पोळा फुटला, बैलांच्या अंगावरचा रंग पुसला गेला, आणि अडाणचं गढूळ पाणी निवळू लागलं, की आमच्या बोरी अरबला नदीवर एक पाखरू येतं. अंगानं चिमणीएवढं. शेपूट मात्र त्या अंगाला न शोभेल इतकी लांब. पाठ राखेच्या रंगाची, पोट पिवळं, आणि शेपटीच्या बुडाशी तो पिवळा रंग हळदीसारखा गडद. पाण्यातल्या दगडावर उतरतं आणि शेपूट खाली-वर, खाली-वर करत राहतं. पळतं तेव्हा हलवतं, थांबतं तेव्हाही हलवतं. मध्येच हवेत उडी मारून एखादं चिलट टिपतं, 'चिट-चिट' असा बारीक टोकदार आवाज करतं आणि पुढच्या दगडावर जातं.

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव काही डोंगरातलं नव्हे. वाशीम जिल्ह्यातून वाहत येणारी आणि पुढे पैनगंगेकडे जाणारी अडाण, तिच्या काठची काळी माती, कापूस, तूर, ज्वारी, आणि अलीकडे सोयाबीन. या पाखराचं खरं घर मात्र डोंगरात आहे. काश्मीरपासून नेपाळपर्यंतच्या हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे, उंचावरून धावत येणाऱ्या थंड पाण्याच्या ओढ्यांवर ते घरटं करतं. काठाच्या कपारीत किंवा दगडाच्या आडोशाला वाटीसारखं घरटं, त्यात चार ते सहा अंडी. पिल्लं उडती झाली की डोंगर सोडायचा आणि दक्षिणेकडे यायचं. काश्मीर ते बोरी अरब हे अंतर सरळ रेषेत धरलं तरी दीड हजार किलोमीटर भरेल. वीस ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा जीव ते पार करतो आणि आमच्या वरठ्याच्या दगडावर येऊन बसतो.

वरठी म्हणजे परीट, धोबी. आमच्याकडे वऱ्हाडात वरठीच म्हणतात. आमच्या गल्लीच्या टोकाला वरठीकाका राहायचे. गाढवावर गाठोडी लादून ते सकाळी घाटावर जायचे. त्यांच्या दगडापासून हातभर अंतरावर हे पाखरू फिरायचं. काका कपडा आपटायचे आणि ते शेपूट आपटायचं. मी लहानपणी विचारलं, "काका, हे कोणतं पाखरू व्हय?" ते म्हणाले, "हे माह्याच जातीचं हाय. पाह्य ना, दगड सोडते का ते?" मराठीत या पाखराला धोबी किंवा परीट हेच नाव आहे. आमचं हे पिवळ्या पोटाचं म्हणजे करडा धोबी. पुढे वाचनात आलं की फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांतही या पाखराला कपडे धुणारीच म्हणतात. घाट कुठलाही असो, ओला दगड, त्यावर आपटणारा हात आणि शेजारी हलणारी शेपूट हे तिन्ही सगळीकडच्या माणसांना एकत्रच दिसले.

घरी येऊन अम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, वो तो ममोला है." उर्दूत या पाखराचं हे नाव फार जुनं आणि लाडकं आहे. उर्दू शायरीत ममोला म्हणजे दुबळा जीव. इक्बालांच्या 'बाल-ए-जिब्रील' या १९३५ च्या संग्रहात 'साक़ीनामा' नावाची कविता आहे, तिच्यात हा ममोला बलाढ्य ससाण्यासमोर उभा आहे. अम्मीला इक्बाल ठाऊक नव्हते. तिला ममोला ठाऊक होता, कारण तिच्या आईनं तो दाखवला होता.

तिसरं नाव शाळेत मिळालं. आठवीत मी संस्कृत घेतलं. त्या वर्गात मुसलमानाचा मी एकटाच, पण त्याचं कुणाला अप्रूप नव्हतं, मलाही नव्हतं. मार्क चांगले पडतात एवढंच कारण होतं. आमचे संस्कृतचे सर रसिक होते. 'खंजननयना' हा शब्द आला तेव्हा ते आम्हाला पुस्तक मिटायला लावून थेट नदीवर घेऊन गेले. म्हणाले, "हा बघा खंजन. हा एका जागी ठरत नाही. तशीच सुंदर स्त्रीची नजर ठरत नाही." वर्गातल्या मुली खाली बघू लागल्या आणि आम्ही मुलं पाखराकडे. त्या उपमेतला खंजन बहुधा काळा-पांढरा धोबी असावा, कारण डोळ्यातलं पांढरं आणि काळं बुबुळ त्यालाच शोभतं. पण ते असो.

म्हणजे एकच पाखरू नदीवर वरठी, घरात ममोला आणि शाळेत खंजन होतं. तीन नावं मिळाल्याचा मला तेव्हा फार आनंद झाला. त्याच दिवशी सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती माझ्या मनात अनेक वर्षं कुसळासारखी रुतून बसली.

सहाव्या शतकात उज्जैनीला वराहमिहिर नावाचे मोठे ज्योतिषी होऊन गेले. त्यांच्या 'बृहत्संहिते'त पाऊस, पिकं, भूकंप, रत्नं, घरबांधणी अशा शेकडो विषयांबरोबर एक अख्खा अध्याय या खंजनावर आहे. पावसाळ्यानंतर खंजन पहिल्यांदा दिसला, तर तो कुठं बसलेला दिसला यावरून पुढचं फळ सांगायचं, असा तो विषय. कमळाजवळ, गाईजवळ दिसला तर शुभ. हत्ती-घोड्याच्या मस्तकावर दिसला तर राज्यलाभ. हाडांवर, राखेवर, स्मशानात दिसला तर अशुभ. उंट, म्हैस आणि गाढव यांच्यावर बसलेलाही अशुभ. आता वरठीकाकांच्या गाढवाच्या पाठीवर तर हे पाखरू दररोज बसायचं. त्या हिशेबानं आमचं गाव केव्हाच बुडायला हवं होतं.

त्या अध्यायात गमतीही पुष्कळ आहेत. खंजनाची जोडी जिथं जुगते तिथं जमिनीखाली धन असतं, तो जिथं ओकतो तिथं काच सापडते, आणि जिथं विष्ठा करतो तिथं कोळसा. वर्गातली दोन पोरं दुसऱ्या दिवशी खरोखर फावडं घेऊन नदीवर गेली होती. धनाचा मान त्यांना मिळाला नाही, कोळशाचा मिळायला हरकत नव्हती. त्यांना हे कोण सांगणार की हिवाळ्यात आलेला करडा धोबी इथं जोडी जमवतच नाही? तो इथं एकटा राहतो, आपला नदीचा तुकडा राखतो आणि दुसरा आला तर त्याला हाकलून लावतो. त्याचं धन हिमालयात.

वराहमिहिरांनी खंजनाचे चार प्रकार केले आहेत. काळ्या गळ्याचा आणि उंच मानेचा तो 'भद्र', कल्याण करणारा. तोंडापासून गळ्यापर्यंत काळा तो 'संपूर्ण', इच्छा पूर्ण करणारा. गळ्यावर नुसता काळा ठिपका असलेला तो 'रिक्त', हात रिकामे ठेवणारा. आणि चौथा, पिवळा. त्याचं नाव 'गोपीत'. त्याचं फळ? क्लेश.

पिवळ्या रंगाचे धोबी आपल्याकडे एकाहून अधिक येतात, तेव्हा वराहमिहिरांपुढे नेमका कोणता होता हे त्यांच्या ओळीवरून ठरत नाही. पण चौदा वर्षांच्या मुलाला एवढी चिकित्सा कुठली? आमच्या नदीवरचा पिवळा होता. मी पाहिलेला त्या वर्षीचा पहिला खंजन पिवळा होता. सरांनी हे सगळं हसत सांगितलं होतं, आणि लगेच उपायही सांगितला होता, कारण वराहमिहिर उपायाशिवाय सोडत नाहीत. अशुभ खंजन दिसला तर राजानं देव, ब्राह्मण आणि गुरू यांची पूजा करावी आणि सात दिवस मांस खाऊ नये. घरी येऊन मी अम्मीला म्हटलं, सात दिवस मटण करायचं नाही. ती म्हणाली, "बेटा, अपने यहाँ वैसे भी महिनेमें एक बार पकता है. तेरा ममोला आजसे खुश."

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडाशी अब्बा गेले. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करायचे, छाती अगोदरच भरलेली होती. ताप आला आणि आठ दिवसांत सगळं संपलं. दफन झाल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी नदीवर गेलो आणि दगड उचलून त्या पाखराला मारू लागलो. एकही लागला नाही. ते एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जायचं आणि शेपूट हलवायचं, जणू काही झालंच नाही. वरठीकाकांनी माझा हात धरला. त्यांना बृहत्संहिता ठाऊक नव्हती. मी रडत रडत सांगितलं ते त्यांना कितपत समजलं कोण जाणे. म्हणाले, "त्याले कायले मारतं रे? ते तं तुह्या बापाले वळखतबी नाही."

श्रोतेहो, हे आठवलं म्हणजे वाटतं, या पाखराचा इतिहास हा खरं तर माणसानं त्याच्यावर लादलेल्या गोष्टींचा इतिहास आहे. कुणी त्याच्यात डोळे पाहिले, कुणी राज्य पाहिलं, कुणी गाडलेलं धन पाहिलं. संत तुलसीदासांनी 'रामचरितमानसा'च्या किष्किंधाकांडात शरद ऋतूचं वर्णन करताना खंजन आल्याची नोंद केली आहे, आणि वेळ आली की पुण्य जसं फळाला येतं तसा तो येतो असं म्हटलं आहे. मला ही उपमा सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात निदान पाखराची वेळ बरोबर आहे. सोळाव्या शतकातला माणूस पाहत होता की शरद आला की हे पाखरू येतं. ते कुठून येतं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. थोर अ‍ॅरिस्टॉटलसुद्धा असं मानत होता की काही पक्षी हिवाळ्यात दुसऱ्याच पक्ष्यात बदलून जातात.

विद्वानांच्या चुकांची गोष्ट निघालीच आहे तर नावाचीही सांगतो. या कुळाचं शास्त्रीय नाव 'मोटासिला'. जुन्या लॅटिनमध्ये त्याचा अर्थ एवढाच, की सतत हलणारा चिमुकला. मध्ययुगातल्या पंडितांना वाटलं, हे पाखरू शेपूट हलवतं, तेव्हा 'मोटा' म्हणजे हलणं आणि 'सिला' म्हणजे शेपूट असणार. लॅटिनमध्ये 'सिला' असा शेपटीचा शब्दच नव्हता. पण चूक इतकी लाडकी झाली की पुढे दुसऱ्या पक्ष्यांच्या नावांतही ही खोटी शेपूट जोडली गेली. आमच्या करड्या धोब्याचं पूर्ण नाव 'मोटासिला सिनेरिया'. हे नाव १७७१ साली टन्स्टॉल या इंग्रज निसर्गअभ्यासकानं दिलं. सिनेरिया म्हणजे राखेच्या रंगाची. त्यांनी पाठ पाहिली आणि वराहमिहिरांनी पोट पाहिलं.

आपल्या विदर्भालाही या नावांच्या शोधात मान आहे. १९४९ साली नागपूरला डॉ. रघुवीर आणि के. एन. दवे यांनी भारतातल्या पक्ष्यांची संस्कृत शास्त्रीय परिभाषा तयार केली. दवे यांचा संस्कृत साहित्यातल्या पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथ १९८५ साली इंग्रजीत निघाला. आणि मारुती चितमपल्लींनी विदर्भाच्या जंगलांत नोकरी करता करता आदिवासींच्या तोंडची पाखरांची नावं टिपली, आणि 'पक्षीकोश' लिहिला. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा मी माझी जुनी प्रत काढून बसलो होतो. पण या माणसांच्याही खूप आधी एक जण होऊन गेला, आणि त्याच्याबद्दल मला बोललंच पाहिजे.

इ. स. १६२० मध्ये बादशहा जहांगीर काश्मीरमध्ये होता. दारू, अफू, चिडखोरपणा आणि क्रूरपणा, त्याचे दोष इतिहासात सगळे नोंदलेले आहेत, मी त्यांची वकिली करत नाही. पण या माणसाला पाहण्याचा विलक्षण नाद होता. आपल्या आठवणींच्या ग्रंथात, 'तुज़ुक-ए-जहांगीरी'त, तो सांगतो की तिथल्या एका ओढ्यावर त्याला एक लहानसं पाखरू दिसलं. ते वाहत्या पाण्यात बुडी मारायचं, बराच वेळ खाली राहायचं आणि भलत्याच ठिकाणी वर यायचं. पाण्यातला पक्षी म्हणावा तर तसा दिसत नव्हता. आता, असं पाखरू दिसल्यावर त्या काळातल्या कुणीही विचारलं असतं की हे शुभ की अशुभ? जहांगीरनं विचारलं, याच्या पायाला बदकासारखा पडदा आहे का? त्यानं ती पाखरं पकडून आणायला सांगितली. एक लगेच मेलं, दुसरं एक दिवस जगलं. पाय पाहिले, तर पडदा नव्हता, जमिनीवरच्या पाखरासारखी मोकळी बोटं होती. त्यानं आपला चित्रकार उस्ताद मन्सूर याला त्याचं चित्र काढायला सांगितलं.

हे पाखरू म्हणजे डिपर. वेगानं वाहणाऱ्या डोंगरी पाण्याच्या तळाशी चालणारं, गाणारं एक लहान पाखरू. ते आमच्या बोरीला येत नाही, हिमालयाच्या खाली उतरतच नाही. पण ज्या ओढ्यांवर डिपर राहतो त्याच ओढ्यांच्या दगडांवर आमचा करडा धोबी उन्हाळ्यात घरटं करतो. दोघे शेजारी. बादशहानं आणखी थोडी मान वळवली असती तर त्याला वरठ्याचं पाखरूही दिसलं असतं. दोन जीव त्याच्या हौसेपायी मेले हे विसरता येत नाही. तरी पाखराच्या पायाकडे पाहून पाखराबद्दलचा प्रश्न विचारणारा माणूस म्हणून मला तो वराहमिहिरांपेक्षा जवळचा वाटतो. माझ्या या मतात माझा धर्म शोधू नका. मला वरठीकाका या दोघांपेक्षाही जवळचे वाटतात.

पाखरं कुठून येतात या प्रश्नाचं उत्तर शेवटी एका शाळामास्तरानं शोधलं. डेन्मार्कच्या मॉर्टेन्सन यांनी १८९९ साली साळुंकीच्या जातीच्या पाखरांच्या पायात अ‍ॅल्युमिनियमची आकडे घातलेली कडी अडकवली आणि सोडून दिली. दुसऱ्या गावात कुणाला ते पाखरू सापडलं की कडं वाचायचं आणि कळवायचं. भारतात हे काम मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं धारच्या महाराजांच्या मदतीनं १९२६ च्या सुमारास सुरू केलं. ही संस्था १८८३ ची. आठ जणांनी ती स्थापली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले होते. याच संस्थेत पुढे सलीम अली वाढले. खूण केलेला करडा धोबी वर्षानुवर्षं मुंबईच्या त्याच एका लहानशा हिरवळीवर परत येतो, हेही पाहिलं गेलं. म्हणजे वरठीकाकांच्या दगडावर दरवर्षी येणारं पाखरू तेच असण्याचा संभव होता. काका तसं म्हणायचेच, आम्ही हसायचो.

पण कड्यांचं काम आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर सुरू झालं त्याचं कारण पाखरांवरचं प्रेम नव्हतं. कारण होता एक संशय. १९५७ साली आताच्या कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी विषाणू शोधून काढला, तर त्याचे भाऊबंद रशियात आढळणारे निघाले. मग प्रश्न आला, रशियातला रोग इथं आला कसा? बोट लगेच पाखरांकडे वळलं. उत्तरेकडून दरवर्षी येतात, त्यांच्या अंगावर गोचीड येत असतील, त्यांनीच आणला असेल. जागतिक आरोग्य संघटनेनं पैसा दिला आणि सलीम अलींच्या देखरेखीखाली भरतपूर आणि इतर ठिकाणी हजारो पाखरं जाळ्यात धरली गेली. त्यांचं रक्त तपासलं, गोचीड वेचले, कडी घातली, सोडून दिली. काही वर्षं हे चाललं. भरतपूरची बदकं सैबेरियात सापडली, स्थलांतराचे मार्ग कळले, कितीतरी नवं ज्ञान मिळालं. जो आरोप होता तो मात्र सिद्ध झाला नाही. तो रोग त्या जंगलातल्याच गोचिडांमुळे पसरतो. अलीकडे आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडे 'माकडताप' म्हणून तो लोकांना चांगलाच माहीत झाला आहे.

वराहमिहिरांचा 'गोपीत' आणि १९५७ चा संशयित. चौदाशे वर्षांनी तेच पद पाखराकडे परत आलं होतं.

आणि तिसऱ्यांदा मी ते डोळ्यांनी पाहिलं. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला. देशातली ती पहिलीच वेळ. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. टीव्हीवर रात्रंदिवस तेच. रानबदकं हा विषाणू वाहून नेतात हे खरं, आणि कोंबड्यांच्या व्यापारातूनही तो पसरतो हेही तितकंच खरं. पण आमच्या गावात एवढंच पोचलं की बाहेरून येणारी पाखरं रोग आणतात. एका सकाळी घाटावर गेलो तर पाच-सहा पोरं दगड मारत होती. समोर बदक नव्हतं, बगळा नव्हता. पिवळ्या पोटाचं वीस ग्रॅमचं पाखरू होतं, या दगडावरून त्या दगडावर जाणारं. मी विचारलं, "कायले मारता रे?" एक जण म्हणाला, "चाचा, हे बाहीरचं हाय. बिमारी आनते."

त्या पोराचा हात धरताना मला माझा हात आठवला. त्याला मी वरठीकाकांचं वाक्य सांगितलं नाही, त्याला ते कळलंही नसतं. मी त्याला विचारलं, हे बाहेरचं म्हणजे कुठलं? त्याला ठाऊक नव्हतं. मग तिथंच वाळूवर बोटानं हिशेब मांडला. हे येतं पोळ्याच्या आगेमागे, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. जातं मार्च संपता संपता, कधी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. सात महिने झाले. दीड-दोन महिने वाटेत धरले, तर डोंगरात उरले जेमतेम तीन-चार. तिथं त्याचा जन्म झाला, इथं ते जगतं. मग याचं गाव कोणतं? पोरगा हुशार होता. म्हणाला, "मंग याचं रेशनकार्ड बोरीचंच लागन."

वर्तमानपत्रांत दरवर्षी हिवाळ्यात 'परदेशी पाहुण्यांचं आगमन' असा मथळा असतो. लिहिणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, मी जाणतो. पण काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडातून आलेल्याला परदेशी का म्हणायचं? आणि वर्षातले सात महिने आपल्याच नदीवर काढणाऱ्याला पाहुणा? हा शब्द मला टोचतो याचं कारण थोडं खासगी आहे. कविसंमेलनात हमखास कुणीतरी प्रेमानं विचारतं, "तुम्ही मूळचे कुठले?" मी सांगतो, बोरी अरबचा. ते म्हणतात, "हो, पण मूळचे?" आणि गावाच्या नावात अरब आहे म्हटल्यावर तर त्यांना उत्तर मिळाल्यासारखंच वाटतं. माझे पणजोबा या गावच्या मातीत आहेत. त्यांच्या आधीचेही. मी आता त्यांना या पाखराची गोष्ट सांगतो, आणि चहा थंड होतो.

वरठीकाका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलानं यवतमाळला लॉन्ड्री टाकली, तिथं पाणी नळाचं आणि दगड नाही. गाढवं गेली. घाटावर कपडे आपटण्याचा आवाज आता क्वचितच येतो. नदीचं पाणी डिसेंबरातच पातळ होतं, आणि काठाला प्लास्टिक अडकलेलं असतं. पाखराला वाहतं पाणी आणि पाण्याकाठची चिलटं लागतात. ती जिथं असतील तिथं ते जातं. मी त्याला नालीच्या कडेला पाहिलं आहे, पाण्याच्या टाकीखाली सांडलेल्या ओलीत पाहिलं आहे. त्याला त्याची लाज नाही. लाज आपल्याला वाटावी अशी ती जागा.

गेली काही वर्षं मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक खूण करतो. ही सवय अम्मीची. तिला लिहिता येत नव्हतं, ती ममोला दिसला की त्या तारखेभोवती कोळशानं गोल काढायची. तिचं शेवटचं कॅलेंडर मी ठेवलं आहे, त्यात सप्टेंबरवर एक वाकडा गोल आहे. मार्चच्या अखेरीस मी आणखी एक खूण करतो, ती माझी. त्या दिवसांत नीट पाहिलं तर नराचा हिवाळ्यात पांढरा असलेला गळा काळा पडू लागलेला दिसतो. डोंगरात पोचेपर्यंत तो पुरता काळा होतो. काळ्या गळ्याचा तो 'भद्र', असं वराहमिहिर म्हणतात. म्हणजे आम्ही ज्याला सात महिने क्लेशकर म्हणून पाहावं, तो इथून निघतो तेव्हा कल्याणकारी व्हायला लागलेला असतो. संस्कृतचे सर असते तर त्यांना हे सांगितलं असतं. त्यांनी पुन्हा सगळा वर्ग नदीवर नेला असता.

यंदा पोळ्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी पहिला दिसला. पिवळाच होता. पुलाच्या खाली, जिथं पाणी दगडातून थोडं आवाज करत जातं तिथं, कुणाच्या तरी शेळीच्या मागे मागे पळत होता. मी घरी आलो आणि कॅलेंडरवर गोल काढला. सुनेनं विचारलं, "अब्बा, आज मटण आणू का?" म्हटलं, आण.